यशोगाथेत नसलेला हिशेब

एक

उद्योजकता हा विषय विद्यापीठांत आता सर्वत्र शिकविला जाऊ लागला आहे. पूर्वी तो वाणिज्य शाखेतील काही विद्यार्थ्यांपुरता होता. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया'ची सुरुवात केली, २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हापासून मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलामुलींपुढेही व्यवसाय-कौशल्य, कार्यप्रशिक्षण, उद्योजकता-विकास अशा निरनिराळ्या नावांनी हा विषय येऊन उभा राहिला आहे. केंदूर, पाबळ, शिक्रापूर या टापूतून एस.टी.ने येणारी पहिल्या पिढीतील मुले त्याची टिपणे उतरून घेतात आणि परीक्षेत लिहितात. त्या टिपणांतून त्यांच्या हाती काय लागते, याची चिकित्सा मात्र कोणी केलेली दिसत नाही. ती या लेखात करावयाची आहे.

या विषयाचे स्वागत करावे की त्याला नकार द्यावा, असे चळवळीतील मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. मग आमच्याच मुलांना भांडवलदारीचे धडे का द्यावेत? परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. राखीव जागा ज्या नोकऱ्यांत आहेत त्या नोकऱ्याच कंत्राटी होत चालल्या आहेत. शिकलेला मुलगा पदवीचा कागद घेऊन रांजणगावच्या नाहीतर सणसवाडीच्या कंपनीच्या फाटकावर उभा आहे. त्याला 'भांडवलशाही वाईट' एवढे सांगून परत पाठविण्याला बांधिलकी म्हणता येणार नाही. तेव्हा हा विषय शिकविला पाहिजे, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आक्षेप आहे तो शिकविण्याच्या आजच्या रीतीला. ही रीत मुलाला त्याच्या अपयशाचे खापर स्वतःच्याच डोक्यावर फोडून घ्यायला शिकविते. तिच्यात बाजार नाही, जात नाही आणि हिशेबही नाही.

दोन

या अभ्यासक्रमाचे मुख्य वाङ्मय म्हणजे यशोगाथा. पाठ्यपुस्तकातील चौकटीत, पाहुण्यांच्या व्याख्यानात, भित्तिपत्रकावर, सगळीकडे तीच असते. आम्ही साहित्याचे विद्यार्थी आहोत. तेव्हा या वाङ्मयप्रकाराकडे समीक्षकाच्या नजरेने पाहण्यास हरकत नसावी.

यशोगाथेची बांधणी ठरलेली असते. आरंभी दारिद्र्य, मग अपमान, मग जिद्द. त्यानंतर एखादा भला माणूस भेटतो, पहिली ऑर्डर मिळते आणि शेवटी मोटार, पुरस्कार व तरुणांना संदेश. आता यात पैसा कोठून आला ते शोधावे. तो बहुधा एका वाक्यात आलेला असतो: मित्राने मदत केली, कोणीतरी विश्वास टाकला. दारिद्र्याला दोन पाने आणि भांडवलाला एक ओळ! पहिले गिऱ्हाईक का आले, उधारी किती बुडाली, घरातल्या बायकांनी किती तास बिनपगारी राबून दिले, हे कोठेच नसते. कारण आणि कार्य यांमधला सांधाच काढून टाकला की जी कथा उरते तिला चमत्कारकथा म्हणतात. चमत्काराची कथा श्रोत्याला हात जोडायला लावते. तिच्यातून कोणी काही शिकत नाही.

येथे गैरसमज नको. पुण्यात २००५ साली दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना मिलिंद कांबळे यांनी स्थापन केली. त्यांना आणि कल्पना सरोज यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. आमच्या माणसाने कारखाना चालवावा, कामगारांच्या पगारपत्रकावर सही करावी, याचा आनंद आम्हाला आहे. अस्मितेच्या दृष्टीने त्याचे मोलही आहे. आक्षेप व्यक्तींना नाही. त्यांचे आयुष्य पिळून काढून जो बोधपर अर्क वर्गात वाटला जातो, त्याला आहे. त्या माणसांनी बँकेत किती खेटे घातले आणि कोणत्या टेबलावर कागद अडला, हे त्यांनी सांगितले तरी पाठ्यपुस्तक ते गाळते. मग मुलाच्या मनावर एवढेच ठसते की त्यांच्यात जिद्द होती आणि आपल्यात ती नाही.

जिद्दीवरचा हा भर आला कोठून? डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली असे मांडले की, काही करून दाखविण्याची प्रेरणा ज्या समाजात अधिक तो समाज आर्थिकदृष्ट्या पुढे जातो. ही प्रेरणा प्रशिक्षणाने वाढविता येते, हे दाखविण्यासाठी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रमधील काकिनाडा शहरात वर्ग घेतले. आपल्या देशातील उद्योजकता-प्रशिक्षणाच्या पायाशी हा प्रयोग आहे. परंतु त्या वर्गात बसलेले लोक कोण होते? ते आधीच धंद्यात असलेले लोक होते. दुकान, माल, ओळखी हे सगळे त्यांच्याजवळ होते. कमी असलीच तर उमेद कमी असेल. अशा माणसांवर घेतलेला धडा भूमिहीन शेतमजुराच्या मुलाला जसाच्या तसा लावला जातो. आमच्या वस्त्यांतून उमेद कधीच कमी नव्हती. गावाने वाळीत टाकल्यावर पाच मुलांना जगविणाऱ्या बाईला संपादन-प्रेरणेची प्रश्नावली भरायला देणे हा विनोदच आहे.

तीन

मग वर्गात वाचायचे काय? याचे उत्तर आमच्याच साहित्यात आहे, आणि ते आम्ही त्या नजरेने वाचलेले नाही. दलित आत्मकथनांची समीक्षा करताना आपण वेदना, विद्रोह, नकार, अस्मिता या कल्पना वापरल्या. त्या आवश्यकच होत्या. परंतु या पुस्तकांतून कामाचा आणि विक्रीचा जो तपशील ठासून भरला आहे, त्याकडे आपले दुर्लक्ष झाले.

ऊर्मिला पवार यांच्या २००३ साली आलेल्या आत्मकथनाचे नावच 'आयदान' आहे. आयदान म्हणजे कोकणातील महार कुटुंबे विणत असलेली बांबूची सुपे, रोवळ्या, टोपल्या. पतीच्या मृत्यूनंतर लेखिकेची आई आयदाने विणून आणि विकून मुलांना शिकविते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणत फिरते. कच्चा माल मिळविणे, तो कामाजोगा करणे, वस्तू घडविणे, ती घेऊन दारोदार जाणे, घासाघीस सोसणे, पैशाऐवजी कधी धान्यावर भागविणे: उद्योजकतेच्या पुस्तकातील उत्पादन, विपणन आणि किंमतनिश्चिती ही तिन्ही प्रकरणे येथे जगून दाखविलेली आहेत. पुस्तकी व्याख्येप्रमाणे ही माणसे उद्योजकच ठरतात. स्वतःच्या जोखमीवर माल करतात आणि बाजारात नेतात. तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या दरिद्री का राहिली? हा प्रश्न वर्गात विचारला की यशोगाथेचा फुगा तेथेच फुटतो. कष्ट होते, कौशल्य होते, जोखीम होती, जिद्द तर होतीच. नव्हते ते भांडवल, आणि नव्हता तो आपल्या मालाची किंमत आपण ठरविण्याचा अधिकार.

या वाचनातून हिशेबाचा एक मोठा धडा मिळतो. घरी राबणारी बाई आपल्या श्रमाची किंमत मालात धरीत नाही. बांबूचे पैसे वजा जाता जे उरते त्याला ती कमाई म्हणते. आमची मुले आज जे लहानसहान धंदे काढतात त्यांतही हेच चालते. समजा, एक मुलगा सणसवाडीच्या कामगारांना जेवणाचे डबे देतो. रोज २० डबे, डब्याला ६० रुपये, म्हणजे १२०० रुपये आले. शिधा ७०० रुपये, गॅस १२० आणि पेट्रोल १३० मिळून खर्च ९५० रुपये. उरले २५०. मुलगा म्हणतो, रोज अडीचशे नफा! पण पहाटे उठून आई आणि बहीण पाच-पाच तास चुलीपाशी उभ्या असतात. त्या दहा तासांना हे २५० रुपये वाटले तर तासाला २५ रुपये पडतात; आणि मुलाने डबे पोचविण्यात घालविलेला वेळ अजून धरलेलाच नाही. तासाला ५० रुपये एवढी साधी मजुरी जरी त्या दोघींना लावली तरी रोजचा २५० रुपयांचा तोटा निघतो. म्हणजे हा धंदा आईच्या आणि बहिणीच्या फुकट श्रमावर उभा आहे. हे समजल्यावर मुलगा धंदा बंद करील असे नाही. पण भाव वाढवावा की माणसे वाढवावीत की दुसरे काही करावे, याचा विचार तो डोळे उघडून करील. उद्योजकतेच्या शिक्षणाचा आरंभ या हिशेबापासून झाला पाहिजे.

चार

जातीचा आणि गिऱ्हाइकाचा संबंध हे या अभ्यासक्रमातील सर्वांत मोठे मौन आहे. पुस्तक सांगते की माल चांगला आणि भाव वाजवी असेल तर गिऱ्हाईक येते. आमचा इतिहास वेगळे सांगतो.

परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतर मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली होती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. ज्ञानात काही उणे होते का? या विषयात एवढे शिकलेला माणूस त्या काळी मुंबईत शोधून किती सापडला असता? पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. उद्योजकतेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ही हकीकत का नसावी? माल उत्तम असूनही विकणाऱ्याच्या जातीमुळे बाजार बंद होतो, याचे एवढे स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

याच्या शेजारी कोल्हापूरचे उदाहरण ठेवावे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण येईनात. तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. ही हकीकत आपण महाराजांचा मोठेपणा म्हणून सांगतो, आणि तो मोठेपणा होताच. पण अर्थशास्त्राच्या भाषेत महाराजांनी काय केले? त्यांनी गंगारामांना जिद्दीवर व्याख्यान दिले नाही, गिऱ्हाईक दिले. बाजार जेथे जातीने बंद केला होता तेथे राजसत्तेने तो उघडला. शासनाचे काम कोणते, याचा याहून नेमका धडा मिळणार नाही.

हे सगळे जुने झाले असे म्हणणाऱ्यांनी आपल्या भागातील रस्त्यांवरच्या पाट्या वाचाव्यात. आमच्या ओळखीतल्या किती जणांनी दुकानाला आडनाव न लावता देवाचे नाहीतर गावाचे नाव दिले आहे? मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला चालते, वेल्डिंगच्या शेडला चालते. पण खाणावळ काढायची म्हटली की घरातले वडीलच म्हणतात, नको. न शिजविलेला माल आणि शिजविलेला माल यांच्यातील ही सीमारेषा ज्याला दिसत नाही त्याला आपला बाजार दिसलेला नाही. वर्गात एका मुलीने म्हटले होते, "सर, आपलं गिऱ्हाईक आपल्याच वस्तीतलं, आणि ते सगळं उधारीवरचं." बाजार-संशोधनाच्या प्रकरणात हे वाक्य घालायला हरकत नाही.

जोखमीचेही तेच आहे. पुस्तकातील जोखीम म्हणजे भाव उतरणे, मागणी घटणे, यंत्र बिघडणे. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या परिसरात झालेल्या हिंसाचारात दुकाने आणि वाहने जळाली. या टापूत धंदा करणाऱ्या माणसाच्या जोखमीच्या यादीत ती तारीखही असते. विमा उतरविताना दंगलीचे कलम आहे की नाही ते पाहावे, ही गोष्ट आमच्या मुलांना कोण सांगणार?

पाच

आता भांडवल. शुंपेटर या अर्थशास्त्रज्ञाचे नाव या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात असते. उद्योजक म्हणजे नवे काही घडवून आणणारा, हे त्याचे म्हणणे मुले पाठ करतात. पण त्याच शुंपेटरने १९११ च्या आपल्या ग्रंथात असेही मांडले की उद्योजकाला कर्ज लागते आणि पैशाची जोखीम खऱ्या अर्थाने कर्ज देणाऱ्याची असते. म्हणजे उद्योजकापाठीमागे बँकवाला उभा असल्याशिवाय शुंपेटरचा उद्योजक उभाच राहत नाही. आमच्या पुस्तकांनी अर्धा शुंपेटर घेतला आणि अर्धा सोडून दिला.

आपल्या राज्यात १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या बीजभांडवल योजनेचे प्रमाण असे: प्रकल्पाच्या रकमेपैकी ७५ टक्के बँकेचे, २० टक्के महामंडळाचे, ५ टक्के अर्जदाराचे. कागदावर ही योजना चांगली आहे. पण २० टक्क्यांचे महामंडळ हो म्हणाले तरी ७५ टक्क्यांची बँक हो म्हणाल्याशिवाय काहीच हलत नाही. आणि बँक तारण विचारते. २०१६ साली 'स्टँडअप इंडिया' आली. बँकेच्या प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती-जमातींपैकी निदान एकाला आणि निदान एका स्त्रीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज द्यावे, अशी ती योजना होती. आमच्या शिरूर तालुक्यातील किती शाखांनी असे कर्ज दिले, हे विचारायला विद्यार्थ्यांना पाठवावे. त्या एका प्रकल्पातून मुले जे शिकतील ते दहा व्याख्यानांतून शिकणार नाहीत.

तारणाचा प्रश्न शेवटी जमिनीशी येऊन थांबतो. रांजणगाव, सणसवाडी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात गेल्या तीन-साडेतीन दशकांत स्थानिकांमध्ये जो उद्योजक वर्ग तयार झाला तो पाहावा. कामगार पुरविण्याचा ठेका, भंगाराचा ठेका, कँटीन, कंपनीच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, जेसीबी. हे धंदे प्रामुख्याने कोणाकडे गेले? ज्यांच्या नावावर सातबारा होता आणि ज्यांच्या घरात पंचायत होती त्यांच्याकडे. त्यात त्यांची हुशारी नव्हती असे नाही. पण हुशारीखाली जमीन होती. आमच्याकडे जमीन असली तर ती बहुधा वतनाची. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली आणि जमिनी नजराणा भरून पुन्हा दिल्या गेल्या. पण त्या बंधनाच्या शर्तीने. परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत, आणि सातबाऱ्यावर ती शर्त दिसली की तारण घेणारा दोन पावले मागे सरतो. एकाच वर्गात एकाच बाकावर बसून 'व्यवसाय आराखडा' लिहिणारी दोन मुले अशी दोन निरनिराळ्या जमिनींवर उभी आहेत.

२००५ च्या आर्थिक गणनेवर आधारलेल्या लक्ष्मी अय्यर, तरुण खन्ना आणि आशुतोष वार्ष्णेय यांच्या अभ्यासात देशातील एकूण उद्योग-व्यवसायांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे ९.८ टक्के भरले; लोकसंख्येतील त्यांचा वाटा १६.४ टक्के होता. या तफावतीचे कारण जिद्दीचा अभाव असे जो म्हणेल, त्याने कोट्यवधी माणसांत एकाच वेळी जिद्द कशी कमी पडली याचेही उत्तर द्यावे.

सहा

पर्यायी रीत कशी असू शकते, याचा एक नमुना आमच्या अगदी शेजारी आहे. केंदूरला लागूनच पाबळ आहे. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेला आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेला हा शास्त्रज्ञ नोकरी सोडून एका अवर्षणग्रस्त गावात येऊन राहिला आणि २००३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत तेथेच काम करीत राहिला. शाळा सुटलेल्या मुलांसाठी त्यांनी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला. त्यात वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य अशी सगळी कामे प्रत्येकाने हाताने करायची. गावातील लोकांचे काम घ्यायचे, त्याचे पैसे घ्यायचे आणि प्रत्येक कामाचा खर्च मांडायचा. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सहकार्याने तेथे 'फॅब लॅब'ही उभी राहिली.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशी याची तुलना करावी. आमचा पदवीधर तीन वर्षांत एकदाही खऱ्या गिऱ्हाइकाला तोंड देत नाही. तो आराखडा लिहितो, तक्ते रंगवितो, सादरीकरण करतो. पाबळची पद्धत उलट्या क्रमाने चालते: आधी काम, मग गिऱ्हाईक, मग हिशेब, आणि शेवटी त्यामागचे शास्त्र. हंटर आयोगापुढे १८८२ साली जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात हिशेब, मोडी आणि शेतीचे ज्ञान असावे अशी मागणी केली होती, तिच्याशी या पद्धतीचे नाते आहे. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, हे आपण विसरतो. बांधकाम खात्याचा कारभार त्यांनी ठेकेदार म्हणून आतून पाहिला. त्यातील लबाडीवर त्यांनी जे लिहिले त्याला धंद्यातील अनुभवाची धार आहे.

तथापि हस्तव्यवसायाच्या शिक्षणाकडे आपण डोळे मिटून पाहू नये. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अशी योजना आणली की मुलांनी अर्धा वेळ शाळेत जावे आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला जातीचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. २०२३ साली केंद्राने आणलेल्या विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक धंद्यांबद्दलही तमिळनाडूने हाच आक्षेप घेतला. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते की, धंदा बदलू न देणारी जातिव्यवस्था ही बेकारीचेही एक कारण आहे. तेव्हा 'स्थानिक कौशल्य', 'परंपरागत कला' अशी गोड नावे देऊन मांगाच्या मुलापुढे दोरखंड आणि चांभाराच्या मुलापुढे चप्पल कोणी ठेवू लागला, तर त्याला तेथेच अडविले पाहिजे. पाबळच्या पद्धतीचे मोल येथे कळते. तेथे कोणाचे काम बापाच्या जातीवरून ठरत नाही. पाटलाचा मुलगा असो की मजुराची मुलगी, सर्वांना सगळीच कामे करावी लागतात. पण तेथून बाहेर पडल्यावर बाजार मात्र तोच असतो. हाताला कौशल्य मिळाल्याने गिऱ्हाइकाची जात जात नाही, की बँकेचे तारण सुटत नाही. म्हणून पाबळची कार्यशाळा विद्यापीठात आणावीच. पण तिच्या जोडीला बाजाराची जातीय पाहणीही आणावी.

सात

अभ्यासमंडळांवर आपले जे मित्र आहेत आणि महाविद्यालयांतून जे शिक्षक हा विषय शिकवितात, त्यांच्यापुढे काही सूचना ठेवतो.

पहिली सूचना अशी की प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या जवळच्या आठवडे बाजाराची पाहणी करावी: कोण काय विकतो, जागा कोणाची, माल कोणाकडून उचलतो, उधारी कोण देतो, शिजविलेले पदार्थ कोण विकतो. दुसरी, 'आयदान' आणि 'उपरा' यांतील कामाविषयीचा मजकूर या विषयाच्या वाचनात ठेवावा आणि यशोगाथा ठेवायचीच तर तिच्यातील पैशाचा माग काढण्याचा स्वाध्याय द्यावा. तिसरी, घरातील स्त्रियांच्या श्रमाची मजुरी धरल्याशिवाय कोणताही हिशेब तपासून पास करू नये. चौथी, बँकेचा अर्ज भरणे, नामंजुरीचे कारण लेखी मागणे, माहितीच्या अधिकारात अर्ज करणे ही कामे प्रात्यक्षिक म्हणून घ्यावीत. पाचवी सूचना सरकारी खरेदीसंबंधी आहे. २०१२ च्या आदेशाप्रमाणे केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करावयाची आहे. हे शाहू महाराजांच्या चहाचेच कायदेशीर रूप आहे. तो ४ टक्क्यांचा पल्ला वर्षानुवर्षे गाठला गेलेला नाही. विद्यार्थ्यांना हा आदेश माहीत असला पाहिजे आणि तो पाळला का जात नाही हे त्यांनी विचारले पाहिजे.

शेवटची गोष्ट अपयशाची. दहा धंद्यांतले काही बुडणारच. हे सगळीच पुस्तके सांगतात आणि पडून पुन्हा उठा असा उपदेश करतात. पण पडल्यावर माणूस कशावर पडतो, हे महत्त्वाचे आहे. ज्याच्या बापाची बागायत आहे तो घरच्या ओसरीवर पडतो आणि दोन वर्षांनी दुसरा धंदा काढतो. आमचा मुलगा पडला तर बचत गटाच्या हप्त्यावर, आईच्या डोरल्यावर आणि बहिणीच्या शिक्षणावर पडतो. त्याला दुसरी संधी नसते. त्याला धाडसाचे धडे देण्याआधी हप्ता थांबविण्याची सोय, विमा आणि पुन्हा कर्ज मिळण्याची हमी यांची मागणी विद्यापीठाने आणि चळवळीने शासनाकडे केली पाहिजे. ही मागणी न करता जो शिक्षक मुलांना 'नोकरी देणारे व्हा' असे सांगतो, तो त्यांच्या घरादाराची जोखीम स्वतःला एक पैशाची तोशीस न लावता उचलतो.

चळवळीने आजवर राखीव जागांसाठी लढा दिला, जमिनीसाठी सत्याग्रह केले. बाजारातील जागेसाठी मात्र आपण फारसे लढलो नाही, कारण बाजार हा आपला प्रांतच नाही असे आपण धरून चाललो. पाणवठा जसा सार्वजनिक आहे तसाच बाजारही सार्वजनिक आहे. तेथे माल मांडण्याचा, भाव सांगण्याचा आणि पाटीवर स्वतःचे पूर्ण नाव लिहिण्याचा हक्क आमच्या मुलांना आहे. उद्योजकतेच्या तासाला हा हक्क शिकविला जात नसेल तर तो विषय कोणासाठी शिकविला जात आहे, याचे उत्तर अभ्यासमंडळांना द्यावे लागेल.